अभिरक्षक आणि लोकशिक्षण

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. विद्या महाविद्यालयाच्या भिंतीआड राहू नये. ज्याच्यापाशी पदवी नाही पण जिज्ञासा आहे, अशा माणसापर्यंत ती त्याच्याच भाषेत पोचावी, ही त्यामागची श्रद्धा होती. ती श्रद्धा पुढे महाराष्ट्रभर पसरली आणि आज गावोगावच्या व्यासपीठांवरून शेतीपासून अणुशक्तीपर्यंत आणि ज्ञानेश्वरीपासून अंदाजपत्रकापर्यंत कोणत्याही विषयावर आपण दोन तास निमूटपणे ऐकतो. विषय अवघड असला तरी “हे आपल्यासाठी नव्हे” असे म्हणून कोणी उठून जात नाही.

एका विषयाच्या बाबतीत मात्र आपण असे उठून जातो, आणि तो विषय म्हणजे आजची चित्रकला व शिल्पकला. मुंबईस गेलेला आपल्याकडचा एखादा शिक्षक किंवा शेतकरी सहज म्हणून एखाद्या कलादालनात शिरतो. समोर देवादिकांचे चित्र नसते, निसर्गदृश्य नसते. असते एखादी लोखंडी चौकट, जुन्या कागदांचा ढीग, नाही तर छतापासून लोंबणारे दोर. तो क्षणभर थबकतो, आजूबाजूला पाहतो, कोणी काही सांगत नाही. मग “आपल्याला यातले काही कळत नाही” असे पुटपुटत तो बाहेर पडतो. त्याला कलाकृती आवडली नाही, एवढेच असते तर त्यात वाईट काही नव्हते. वाईट हे की, त्याने दोष स्वतःला दिला. शहाण्यासुरत्या माणसाला आपल्या बुद्धीची लाज वाटावी, असे कोणत्याही सार्वजनिक संस्थेत घडता कामा नये. ते का घडते आणि ते टाळण्यासाठी अशा संस्थांत कोणते काम चालते अथवा चालायला हवे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. “कला केंद्र” म्हटले की आपल्याकडे हमरस्त्याच्या कडेची संगीतबारी डोळ्यांपुढे येते. तीही कलाच आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण आपला विषय तो नव्हे. येथे केंद्र म्हणजे आजच्या, हयात कलावंतांचे काम जेथे मांडले जाते, अभ्यासले जाते आणि लोकांना समजावून दिले जाते ती जागा. अशा कलेला “समकालीन कला” म्हणतात. दुसरा शब्द “अभिरक्षक”. इंग्रजीतील “क्युरेटर” या पदासाठी आपल्या शासकीय संग्रहालयांतून तो रूढ झाला आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काळजी वाहणे असा आहे. पूर्वी काळजी म्हणजे किल्ल्या सांभाळणे, वाळवी आणि ओल यांपासून वस्तू वाचवणे, यादी ठेवणे. ते काम आजही आहेच. पण त्याबरोबर आणखी एक काळजी आली आहे, ती वस्तूच्या अर्थाची. वस्तू शाबूत राहिली आणि तिचा अर्थ हरवला, तर उरते ती अडगळ. म्हणून अभिरक्षकाचे निम्मे काम संशोधनाचे असते आणि उरलेले निम्मे ते संशोधन लोकांपर्यंत पोचवण्याचे. ही दोन कामे वेगळी काढली की दोन्ही बिघडतात, हेच मला मुख्यतः सांगावयाचे आहे.

अभिरक्षकाचे संशोधन म्हणजे नेमके काय, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या संग्रहात एक जुनी तलवार आहे आणि तिच्या चिठ्ठीवर “आष्टी” एवढाच शब्द आहे. आपल्याला वाटेल, ही आपलीच. पण महाराष्ट्रात आष्टी किती! परतूर तालुक्यातली आपली आष्टी एक. बीड जिल्ह्यात आष्टी हे तालुक्याचे ठिकाण आहे. वर्धा जिल्ह्यातील आष्टी १९४२ च्या लढ्यामुळे चिमूरच्या बरोबरीने इतिहासात गेली. गडचिरोली जिल्ह्यात एक आष्टी आहे. आणि सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातील आष्टीच्या रानात फेब्रुवारी १८१८ मध्ये पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढताना पडले. ती तलवार यांपैकी कोणत्या आष्टीची, यावर तिचा सगळा अर्थ अवलंबून आहे. एका आष्टीत ती स्वराज्याच्या अखेरच्या लढायांची साक्षीदार ठरेल, दुसऱ्या आष्टीत एखाद्या देशमुखाच्या देवघरात दसऱ्याला पूजली जाणारी तलवार ठरेल. अभिरक्षकाला तेथे चार प्रश्न विचारावे लागतात. ही वस्तू काय आहे? कोणी आणि कशासाठी केली? कोणकोणत्या हातांतून येथवर आली? आणि जी माहिती चिठ्ठीवर आहे, ती कोणी व कशाच्या आधारावर लिहिली? या चौथ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. चिठ्ठी लिहिणारा हाही माणूसच असतो. त्याचेही अज्ञान आणि पूर्वग्रह शाईत उतरलेले असतात.

हे काम महाराष्ट्रात कसे झाले, हे पाहण्यासाठी मुंबईतील एका संस्थेचा इतिहास फार बोधप्रद आहे. राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात मोठमोठी औद्योगिक प्रदर्शने भरू लागली. लंडनला १८५१ साली आणि पॅरिसला १८५५ साली अशी प्रदर्शने झाली. तेथे पाठवण्याच्या निमित्ताने मुंबई इलाख्यातील कारागिरीचे नमुने गोळा झाले आणि त्यांतून कोटातील बराकीत एक छोटे संग्रहालय उभे राहिले. पण १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत सैन्याला बराकी हव्या झाल्या, वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या आणि पुष्कळशा नासल्या. हा संग्रह पुन्हा उभा करण्यासाठी जॉर्ज बर्डवुड या इंग्रज डॉक्टराबरोबर नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे झटले. लोकांकडून वर्गणी जमली. १८६२ साली इमारतीची कोनशिला बसली. मध्यंतरी १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळीने वर्गणीचा ओघ आटला, तेव्हा सरकारने काम पुढे नेले आणि २ मे १८७२ रोजी “व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम” या नावाने संग्रहालय लोकांना खुले झाले. १ नोव्हेंबर १९७५ रोजी त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले.

भाऊ दाजी हे धंद्याने डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्या तुकडीत बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. गरिबांना मोफत औषध देणारा हा माणूस फावल्या वेळात शिलालेख वाचत असे. आपल्या मराठवाड्यातील अजिंठ्याच्या लेण्यांमधील शिलालेखांचे त्यांनी वाचन केले आणि १८६३ च्या सुमारास ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. अजिंठ्याच्या काळोखात अक्षर न् अक्षर लावणारा संशोधक आणि मुंबईच्या सामान्य माणसासाठी संग्रहालयाची वर्गणी गोळा करणारा लोकसेवक, हे एकाच माणसाचे दोन उद्योग होते. संशोधन आणि लोकशिक्षण यांची सांगड घालण्याची कल्पना आपल्याकडे परदेशातून आयात झाली, असे कोणी म्हणेल तर त्याला भाऊ दाजींकडे बोट दाखवावे.

पुढे या वास्तूला फार वाईट दिवस आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस इमारत गळत होती, वस्तूंवर धूळ होती. २००३ साली मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इन्टॅक ही वारसा-जतनाची संस्था यांच्यात करार होऊन जीर्णोद्धार सुरू झाला. तस्नीम झकारिया मेहता यांनी या पुनरुज्जीवनाचे नेतृत्व केले आणि वास्तुजतनाचे काम विकास दिलावरी यांनी पाहिले. २००५ साली युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागातील वारसा-जतनाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला दिला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. येथवरची हकीकत एखाद्या देवळाच्या जीर्णोद्धारासारखी आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट यापुढे सुरू होते. दीडशे वर्षांच्या या जुन्या घरात आजच्या कलावंतांना बोलावण्यात आले. त्यांना सांगण्यात आले की, हा संग्रह पाहा, ही दप्तरे पाहा, आणि त्यांना उत्तर म्हणून तुमचे काम येथे मांडा.

त्यांतील दोन कामे समजून घेऊ, म्हणजे वर सांगितलेल्या शिक्षकाची किंवा शेतकऱ्याची अडचण कशी सुटू शकते ते दिसेल.

२०११ साली जितिश कल्लाट या चित्रकाराचे प्रदर्शन तेथे झाले. पाहणाऱ्याला वाटावे, इमारतीची दुरुस्ती पुन्हा सुरू झाली आहे; कारण नक्षीदार खांबांच्या त्या दालनात परांची बांधलेली. जवळ गेल्यावर कळे की हे बांबू बांबूच नव्हेत, ते कृत्रिम राळेत ओतलेले आहेत. १२० भागांची ती एक शिल्परचना आहे. आणखी जवळ गेल्यावर बांबूंवर प्राणी दिसत, एकमेकांना गिळणारे. हे प्राणी कलावंताने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भागावरील कोरीवकामातून उचलले होते. रोज लाखो माणसे त्या स्थानकातून जातात; वर मान करून ते दगडी प्राणी पाहायला कोणाला सवड असते? सतत बांधकाम चाललेले, सतत कोणी तरी कोणाला गिळत असलेले शहर, असा अर्थ येथे सहज लागतो. पण तो लागण्यासाठी ते प्राणी कोठून आले हे कोणी तरी सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर पाहणारा परांची चुकवून पुढे जाईल.

दुसरे काम रीना सैनी कल्लाट यांचे, २०१३ सालचे. संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी कोळ्याचे एक प्रचंड जाळे टांगले. सुमारे एक टन वजनाचे हे जाळे मोठमोठ्या रबरी शिक्क्यांचे बनलेले होते आणि प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतल्या एकेका रस्त्याचे इंग्रजी अमदानीतले, आता बदललेले नाव होते. रबरी शिक्का म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, सात-बारा, पीककर्जाचा अर्ज. शिक्का उमटला तर आपण आहोत, नाही तर नाही. तो शिक्का येथे नावे पुसण्याचे आणि नवी लावण्याचे साधन म्हणून येतो, आणि त्यांचे जाळे होते, कारण जुनी नावे अशी सहजी जात नाहीत; लोकांच्या जिभेवर, टपालाच्या पत्त्यांत, रिक्षावाल्यांच्या बोलण्यात ती चिकटून राहतात. नावे बदलण्याचा अनुभव आपल्या विभागालाही आहे. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्याविषयी प्रत्येकाचे मत काहीही असो, जुन्या दप्तरात आणि नव्या पाटीत ताळमेळ घालताना तलाठ्यापासून पोस्टमनपर्यंत सर्वांची जी तारांबळ उडते, ती आपण पाहिली आहे. मग मुंबईच्या भिंतीवरचे ते जाळे परतूर तालुक्यातल्या माणसाला कळणार नाही, असे कोणी का म्हणावे?

हे दोन्ही नमुने मुद्दाम घेतले. त्यांत चित्रकाराच्या प्रतिभेइतकेच दप्तरखान्याचे कष्ट आहेत. कोणत्या रस्त्याला पूर्वी काय म्हणत, ते नाव केव्हा गेले, कोणत्या इमारतीवर कोणता प्राणी आहे, ही सगळी माहिती शोधून काढावी लागते. तिला आपण इतिहाससंशोधन म्हणतो. कलाकेंद्रातील संशोधन त्याहून निराळे नाही. फक्त त्याचा शेवट ग्रंथात न होता पाहण्याच्या वस्तूत होतो.

आता लोकशिक्षणाकडे वळू. दक्षिण केन्सिंग्टन येथे १८५७ साली लंडनचे जे संग्रहालय उघडले, त्याचे चालक हेन्री कोल यांनी तेथे गॅसचे दिवे लावले आणि संध्याकाळी दारे उघडी ठेवली. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या माणसाला सवड होते ती दिवेलागणीनंतरच, हे त्यांनी ओळखले. लोकशिक्षणाची पहिली पायरी ही अशी अगदी व्यावहारिक असते. वेळ सोयीची हवी, दर परवडणारा हवा, पाटी मराठीत हवी आणि दारावरच्या माणसाने अंगावर ओरडू नये. एवढे झाले नाही, तर आतल्या विद्वत्तेचा काही उपयोग नाही.

दुसरी पायरी सांगण्याची. येथे दोन टोकाच्या चुका होतात. एक चूक म्हणजे काहीच न सांगणे. कलाकृती स्वयंभू आहे, ज्याला डोळे आहेत त्याने पाहावी, असे म्हणून मोकळे होणे. दुसरी चूक म्हणजे एवढे सांगणे, आणि तेही अशा जड भाषेत, की पाहणारा चिठ्ठीच वाचत राहतो आणि वस्तूकडे पाहायचे राहून जाते. यांतील मधला मार्ग आपल्याच परंपरेत आहे, आणि त्यासाठी पाश्चात्त्यांकडे जाण्याची गरज नाही. तो मार्ग म्हणजे चित्रकथी.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि अन्यत्र रामायण-महाभारतातील प्रसंगांची जुनी रंगीत चित्रे आहेत. त्यांना “पैठण शैली”ची चित्रे म्हणण्याची पद्धत पडली आहे. मात्र त्यांची परंपरा जिवंत राहिली ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजात. तेथील परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. ही चित्रे भिंतीवर लावण्यासाठी कधीच नव्हती. सुट्या कागदांवर काढलेल्या या चित्रांचा एकेका कथेचा गठ्ठा असे, त्याला पोथी म्हणत. चित्रकथी लोकांपुढे बसून एकेक चित्र उभे धरी, वाद्यांच्या साथीवर कथा गाई, मग पुढले चित्र उचली. चित्र आणि कथा मिळून एक वस्तू होती. पुढे ती चित्रे सुटी सुटी विकली गेली, चौकटीत बसली आणि मुकी झाली. रेषा तीच आहे, रंग तोच आहे. पण अर्जुनाने कोणत्या प्रसंगी धनुष्य खाली ठेवले आहे, हे आता वाचून शोधावे लागते.

या चित्रकथ्याकडे नीट पाहा. तो पोथी सांभाळतो, म्हणून तो अभिरक्षक आहे. कोणत्या चित्राचा कोणता प्रसंग, हे त्याने बापाकडून शिकून पाठ केलेले आहे, म्हणून तो जाणकार आहे. आणि तो लोकांत बसून त्यांच्या बोलीत ते सांगतो, म्हणून तो शिक्षक आहे. तो चित्राच्या पुढे उभा राहत नाही, चित्र झाकत नाही. हाताने ते धरतो आणि आवाजाने उलगडतो. कलाकेंद्रात काम करणाऱ्या माणसाचा याहून चांगला आदर्श मला माहीत नाही.

म्हणूनच चांगल्या संग्रहालयात शाळेची मुले आली की मार्गदर्शक लगेच व्याख्यान देत नाही. तो प्रथम विचारतो, “तुम्हाला काय दिसते?” मुले सांगतात. कोणी म्हणते जाळे, कोणी म्हणते झोपाळा. मग तो विचारतो, “हे कशाचे केले आहे?” मग जवळ जाऊन पाहणे होते, शिक्के ओळखले जातात, नावे वाचली जातात. त्यानंतर, आणि त्यानंतरच, माहिती सांगितली जाते. शेवटी मत विचारले जाते आणि “मला आवडले नाही” हे मतही तितक्याच आदराने ऐकले जाते. कारण समकालीन कलेतील सगळेच काम चांगले असते असे नाही. काही पोकळ असते, काही नुसती नक्कल असते. ते ओळखण्याचा अधिकार लोकांना आहे. पण न पाहता नाकारणे आणि पाहून नाकारणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर शिकवणे यालाच मी लोकशिक्षण म्हणतो.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. ज्या भागात पावसाने दगा दिला की वर्ष वाया जाते, तेथे हे शहरी चोचले कशासाठी? कलेवाचून कोणी मरत नाही. याला उत्तर देताना मी सौंदर्याचा महिमा सांगणार नाही. मी भाऊ दाजी लाड संग्रहालयातीलच दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. तेथे मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. निरनिराळ्या जातीजमाती, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे त्यांत हुबेहूब दाखवले आहेत. कारागिरी उत्तम आहे. पण त्या मूर्तींत माणसे नाहीत, नमुने आहेत. अमुक जातीचा माणूस असा असतो, असे सांगणारे. ज्यांच्या मूर्ती घडल्या, त्यांना कोणी विचारले नाही की, तुम्ही स्वतःला कसे दाखवाल? वरून पाहणाऱ्या राज्यकर्त्याने आपल्या सोयीने लावलेल्या त्या चिठ्ठ्या होत. आजचा अभिरक्षक आणि आजचा कलावंत तेथे येऊन तो चौथा प्रश्न विचारतो: ही चिठ्ठी कोणी लिहिली? जे लोक आपल्या वस्तूंचा अभ्यास स्वतः करीत नाहीत, त्यांच्या चिठ्ठ्या दुसरेच कोणी तरी लिहून जातात. हा प्रश्न चैनीचा नाही. तो स्वाभिमानाचा आहे. आणि खेड्यातल्या माणसाला तो शहरातल्यापेक्षा अधिक लागू आहे, कारण त्याच्याविषयी लिहिणारे बहुधा बाहेरून आलेले असतात.

राहिला प्रश्न अंतराचा. आष्टीहून मुंबई दूर आहे, हे खरे. पण चांगली कला खेड्यात आलीच नाही, असेही नाही. सातारा जिल्ह्यातील औंध या लहानशा गावी तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली डोंगरावर संग्रहालय बांधले. त्यात रविवर्म्याची चित्रे आहेत, तसे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि बालक यांचे शिल्पही आहे. मूर हा तेव्हाचा अगदी समकालीन, वादग्रस्त कलावंत. गोव्यात पिळर्ण येथे डॉ. सुबोध केरकर यांनी २०१५ साली “म्युझियम ऑफ गोवा” हे समकालीन कलेचे केंद्र उघडले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून होणाऱ्या “मोग” या शब्दाचा कोंकणीत अर्थ प्रेम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने त्याच वर्षी एका बसमध्ये प्रदर्शन मांडून ती गावोगावच्या शाळांकडे धाडण्यास प्रारंभ केला. आणि अतुल डोडिया या चित्रकाराने भाऊ दाजी लाड संग्रहालयात २०१४-१५ च्या सुमारास जे प्रदर्शन मांडले, त्याच्या नावातच सात हजार संग्रहालयांचा संकल्प होता, आणि तोही भारतीय प्रजासत्ताकासाठी. कल्पना कलावंताची असेल. पण हिशेब करून पाहिला तर सात हजारांत एखादे आपल्या वाट्याला यायला हरकत नाही.

ते येईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. संग्रहालयाचा प्राण इमारतीत नसतो, नोंदवहीत असतो. आणि नोंदवहीला अनुदान लागत नाही. आपली शाळा आणि आपले वाचनालय यांनी मिळून ती सुरू करावी. प्रत्येक वस्तूसाठी वर सांगितलेल्या चार प्रश्नांचे चार रकाने आखावेत आणि पाचवा रकाना तिच्या भागांच्या नावांसाठी ठेवावा. तिफण आज बऱ्याच घरी माळ्यावर पडली आहे. तिचे चाडे कोणते, नळे कोणते, फण कोणता, हे आजोबांना विचारले तर ते डोळे मिटून सांगतील; नातवाला ती केवळ लाकडे वाटतील. मोट गेली, तिच्याबरोबर नाडा, सोंदूर, थारोळे हे शब्दही निघाले आहेत. जाते आहे, पण त्यावर पहाटे काय गायले जाई, हे ज्या आजीला ठाऊक आहे ती किती दिवस पुरणार? घरोघरच्या ट्रंकांत मोडीतले कागद आहेत आणि १९४८ पर्यंत आपण निजामी राज्यात असल्यामुळे उर्दूतलेही आहेत. ते वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जातात. त्यांची निदान छायाचित्रे घेऊन, कोणाच्या घरचे, कोठे सापडले, एवढे लिहून ठेवले, तरी उद्याच्या एखाद्या वाचणाऱ्याची वाट मोकळी राहील.

नोंद एका ठिकाणी ठेवू नये, हाही धडा आपल्याच विभागाने दिला आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे तेथे राहून केल्या. त्यांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्या कित्येक लंडनलाच १८८५ च्या आगीत गेल्या. पण ग्रिफिथ्स यांनी पुढे त्यांवरून मोठा ग्रंथ छापला, त्यामुळे त्या कामाचा बराच भाग जगभरच्या ग्रंथालयांत वाचला. म्हणून आपल्या वहीची एक प्रत शाळेत, एक वाचनालयात आणि एक गावाबाहेर असावी.

वर्षातून एकदा, याच वसंतात, त्यातल्या दहा वस्तू मांडाव्यात. चिठ्ठ्या मुलांनी लिहाव्यात आणि ज्यांच्या घरच्या वस्तू आहेत त्यांना त्या आधी वाचून दाखवाव्यात. “असे नव्हे, असे” म्हणून कोणी दुरुस्ती केली, तर ती तारखेसह वहीत टिपून घ्यावी. जालन्याचा किंवा छत्रपती संभाजीनगरचा एखादा तरुण चित्रकार बोलवावा आणि या वस्तूंना पाहून तुला आज काय सुचते ते येथेच मांड, असे त्याला सांगावे. त्याचे काम कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही. त्यावर पारावर वाद होतील. होऊ द्यावेत. ज्या गावात एखाद्या कलाकृतीवरून कारणे देऊन वाद होतो, तेथला माणूस उद्या मुंबईच्या कलादालनात शिरला तर मान खाली घालून बाहेर पडणार नाही. तो दारावरच्या माणसाला थांबवून विचारील की, बाबा, ही चिठ्ठी कोणी लिहिली, आणि कशाच्या आधारावर?